फर्स्ट क्लासच्या सीटवरून पहाड कसा दिसतो



मागच्या आठवड्यात विमानातल्या सीटवर बसलेला माझा एक फोटो टाकला होता. तेव्हापासून जिवतीच्या चौकात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, "पहाडाचा पोरगा फर्स्ट क्लासनं उडाला, अभिमान आहे." दुसरी म्हणते, "ऑनलाईन सेंटरवाल्याच्या डोक्यात हवा गेली, आता पन्नासचं काम शंभरला करील." दोन्ही पार्ट्यांना एकदाच उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी झालं काय ते सांगतो. वनहक्काच्या एका बैठकीसाठी मुंबईला गेलो होतो. जाताना रेल्वेनं गेलो. येतानाचं विमानाचं तिकीट बोलावणाऱ्यांनी काढून दिलं, तेही साधं, मागच्या वर्गाचं. काउंटरवर पोरीनं आधार कार्ड पाहिलं, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "सर, तुमची सीट बदललीय." माझ्या पोटात गोळा. आपल्याकडं ऑफिसात "बदललंय" म्हणलं की पुन्हा चार चकरा ठरलेल्या. मी विचारलं, "काही कागद कमी आहे का? पैसे किती भरायचे?" ती म्हणाली, "काही नाही सर, तुम्हाला पुढं बसवलंय." दुसरी रांग.

आता जाणकार लगेच दुरुस्ती करतील, म्हणून सांगून टाकतो. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांत त्या पुढच्या भागाला बिझनेस क्लास म्हणतात. खरा फर्स्ट क्लास आता परदेशी जाणाऱ्या काही मोजक्याच विमानांत उरलाय. पण पडद्याच्या पुढं ते पुढं आणि मागं ते मागं. मी फर्स्ट क्लासच म्हणणार.

सीट एवढी रुंद की मांडी घालून बसता आलं असतं. बसलो नाही, लाज वाटली. चपलेला पहाडाची माती होती, पाय सीटखाली ओढून घेतले. थोड्या वेळानं एका ताटलीत पांढरी, वाफाळलेली गुंडाळी आली. मला वाटलं खायची वस्तू आहे. तोंडात घालणार तेवढ्यात शेजारच्या साहेबानं तिनं तोंड पुसलं, म्हणून वाचलो. हसा, मीही हसलो. मग काचेचा ग्लास, कापडाचा रुमाल, खरा स्टीलचा चमचा. आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी येऊन विचारतंय, "सर, काही हवंय?" मला एवढंच हवं होतं की तिनं विचारणं थांबवावं, कारण दर वेळी मला उठून उभं राहावंसं वाटत होतं.

शेजारच्या साहेबानं विचारलं, "कुठले?" मी म्हणलं, "जिवती." त्याला कळेना. "चंद्रपूर जिल्हा, गडचांदूरच्या वर." तेव्हा चेहरा उजळला. "अच्छा, गडचांदूर! सिमेंट!" आमच्या खालचा चुनखडीचा दगड त्याला माहीत होता. त्या दगडाच्या वर माणसं राहतात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्याचा दोष नाही. दगड कधीच रेल्वेनं आणि ट्रकनं देशभर पोचलाय, माणूस अजून घाटातच आहे.

तर मुंबई ते नागपूर, हवेतून सातशेच्या आसपास किलोमीटर, दीड तास. रात्री आठला उतरलो. त्यानंतर नागपूर ते चंद्रपूर, रात्री साडेबारा. स्टँडवर पिशवी उशाला घेऊन झोपलो. सकाळी राजुरा, गडचांदूर. घाट चढायची गाडी येणार, येणार म्हणत साडेअकरा वाजले. ती का आली नाही हे कुणी सांगितलं नाही, कारण विचारायला खिडकीत कुणी नव्हतं. शेवटी काळी-पिवळीत चौदावा माणूस म्हणून लटकलो आणि दुपारी एकला जिवती. म्हणजे हवेतले सातशे दीड तासात आणि जमिनीवरचे सव्वादोनशे सतरा तासात.

आता तुम्ही म्हणाल, हे तर नेहमीचंच रडगाणं. थांबा. माझा मुद्दा वेगळा आहे.

घरी आल्यावर मी सेंटरच्या कॉम्प्युटरवर बसून शोधलं, की मला पुढं बसवलं कशामुळं. माझं तोंड पाहून तर नक्कीच नाही. विमान कंपन्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात, कारण काही लोक येतच नाहीत. सगळेच आले की माणसं जास्त होतात. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आडवा येतो. पक्कं तिकीट असलेल्या आणि वेळेवर आलेल्या प्रवाशाला चढू दिलं नाही, आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर कंपनीनं भरपाई द्यायची. भाड्याच्या दुप्पट, उशीर जास्त असेल तर चौपट, कमाल २०,००० रुपयांपर्यंत. त्यापेक्षा पुढची रिकामी सीट स्वस्त पडते. असा मी पुढं गेलो.

आणखी वाचत गेलो. अडीच तासांच्या आतलं विमान दोन तास रखडलं तर खायला-प्यायला द्यायचं. आणि सगळ्यात भारी नियम हा, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला. वरच्या वर्गाचं तिकीट असताना तुमच्या मनाविरुद्ध तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं, तर देशातल्या प्रवासात तिकिटाचे ७५ टक्के पैसे परत. त्याच विमानात, त्याच वेळेला पोचलात तरी परत. का? तर तुमचा वर्ग उतरवला म्हणून.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पहाडाला गेली कितीतरी वर्षं खालच्या वर्गात बसवलंय. आम्हाला काय परत?

मुंबईत त्या काउंटरवरच्या पोरीनं मला मान दिला, तो तिच्या चांगुलपणामुळं नाही. असेलही ती चांगली. पण तिच्या मागं एक नियम होता, नियमाला दंड होता आणि तो दंड वसूल होतो हे कंपनीला माहीत होतं. आपल्याकडं मात्र आपण मान मागतो तो हात जोडून. "साहेब, जरा बघा ना." साहेब चांगला असला की काम होतं, बदलून गेला की आपण पुन्हा शून्यावर. पहाडावरचा माणूस कुठल्या साहेबाच्या काळात काय झालं हे सांगतो, कुठल्या नियमानं काय झालं हे सांगत नाही. आपली खरी गरिबी तिथं आहे.

त्या काळी-पिवळीत माझ्या शेजारी एक कोलाम म्हातारा होता. गुड्यावरचा. एका कागदासाठी एका कार्यालयात चौथ्यांदा जाऊन येत होता. मी विचारलं, "बाबा, अर्ज दिला त्याची पावती?" तो म्हणाला, "पावती काहून? त्यायनं सांगितलं ना, पुढच्या सोमवारी ये." चार सोमवार. प्रत्येक सोमवारची मजुरी बुडाली, जीपचं भाडं गेलं. त्याला एकही माणूस वाईट बोलला नव्हता. सगळे गोडच बोलले. पण कागदावर तो आलाच नाही, हे कुठंच लिहिलेलं नाही.

आणि कायदा आहे बरं का! महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे. कुठली सेवा किती दिवसांत मिळणार, कोण अधिकारी देणार, नाही मिळाली तर अपील कुणाकडं, याचा फलक कार्यालयात लावला पाहिजे. योग्य कारणाशिवाय कसूर केली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. हा आपला ७५ टक्केवाला नियम. फरक एवढाच की विमानातला प्रवासी तो नियम वापरतो आणि आपण सोमवारची वाट पाहतो.

आता जमिनीवर येतो, कारण पहाडावर सगळं शेवटी जमिनीवर येतं.

माझा बाप १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून डोक्यावर गाठोडं घेऊन या पहाडावर आला. माझ्यासारखी घरं इथं गावागावात आहेत. कापूस पिकवला, पोरं शिकवली, घरं बांधली, सरपंच निवडले, कर भरला. पण सातबारा मागितला की उत्तर येतं, ही वनजमीन. पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सावकार. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात बिगर आदिवासीनं १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, इथं राहत असल्याचा पुरावा द्यायचा. २००५ मधून ७५ वजा करा, १९३० येतं. १९३० साली हा पहाड महाराष्ट्रात तर नव्हताच, पण इंग्रजांच्या राज्यातही नव्हता. निजामाच्या राज्यात, अदिलाबाद जिल्ह्यात होता. राजुरा तालुका १९५६ ला नांदेडला जोडला आणि १९५९ ला चांद्याला. ज्या सरकारनं आम्हाला दोनदा जिल्हे बदलून दिले, तेच विचारतं, तुमचा आजा १९३० साली कुठं राहत होता ते लेखी आणा. आणि पहाडाच्या कडेला तर चौदा गावं अशी आहेत की दोन राज्यं त्यांच्यावर हक्क सांगतात, दोन्हीकडचं रेशन आणि दोन्हीकडचं मतदान. महाराजगुड्यातल्या एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात, हे २०२२ च्या डिसेंबरात सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. देश हसला. त्या घरच्या माणसाला दोन राज्यं मिळाली, पण जमिनीचा एक धड कागद मिळाला का, हे कॅमेरेवाल्यांनी विचारलं नाही.

इथं मला स्वतःच्याही कानाखाली वाजवायची आहे. आम्ही मागून आलेले. पहाड मुळात गोंड-कोलामांचा. आम्ही पट्ट्यासाठी मोर्चे काढतो तेव्हा कोलामाचा गुडा आमच्या मागच्या रांगेत असतो. माझ्याच सेंटरवर बघा. परवा तो म्हातारा बाबा कागद घेऊन आला. आधीपासून उभा होता. तेवढ्यात गुरुजी आले आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "या सर, बसा." बाबाला मी "थांब जरा" म्हणलो. एकाला "या, बसा" आणि दुसऱ्याला "थांब". पडदा माझ्याच टेबलावर होता. तोपर्यंत मला वाटायचं, वर्ग पाडतं ते सरकार. त्या दिवसापासून सेंटरवर नंबरच्या चिठ्ठ्या ठेवल्यात. गुरुजी थोडे रागावले. रागावू द्या.

"पहाडाला विमानतळ पाहिजे, मग बघा विकास," असंही काही जण म्हणतात. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी कितीतरी वर्षांपासून आहे. राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्तीला मोठा विमानतळ करायचं ठरलं आणि ते वनजमिनीच्या परवानगीत अडकलं. होऊ दे, माझा विरोध नाही. सामान्य माणसानं उडावं म्हणून केंद्रानं उडान योजना आणली, पहिलं विमान एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली उडालं, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा ठेवली. तेही चांगलंच. पण मूर्तीला विमान उतरलं म्हणून जिवतीच्या घाटात गाडी येईल का? उन्हाळ्यात गुड्यावरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरेल का? विमानतळ राजुऱ्यात आला तर त्यातून उतरणारा माणूस चुनखडी बघायला येईल. त्यात चढणारा माणूस पहाडाचा असावा, यासाठी आधी बाकीचं करावं लागेल.

शेजारच्या गडचिरोलीचं बघा. निवडणूक आली की मतदान यंत्रं आणि कर्मचारी हेलिकॉप्टरनं दुर्गम केंद्रांवर जातात. गेलंच पाहिजे, प्रत्येक मत मोलाचं. पण त्याच भामरागडात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, आणि आतल्या गावांतून बाळंतिणीला खाटेची कावड करून आणावं लागतं. कधी एखादीला हेलिकॉप्टरनं नेलं की पेपरात बातमी येते. यंत्र नेलं त्याची बातमी होत नाही, कारण तो नियम आहे. बाई नेली त्याची बातमी होते, कारण ती मेहरबानी आहे. मला त्या बाईचीही बातमी होऊ नये असं वाटतं.

"सरकारकडं पैसा कुठं आहे?" हेही ऐकतो. खासदाराला वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात. जाऊ द्या त्यांना, दिल्ली लांब आहे. २००९ साली काटकसरीची लाट आली, तेव्हा मंत्री मागच्या वर्गात बसले, फोटो निघाले. त्याच वेळी राज्यमंत्री शशी थरूर यांनी त्या मागच्या वर्गाला गुरांचा वर्ग म्हणून वाद ओढवून घेतला आणि माफी मागितली. पण त्या वर्षी मंत्री मागं बसल्यानं पहाडावरचा कुणी पुढं आला नाही. मंत्री कुठं बसतो याच्याशी माझं भांडण नाही. पुढंच बसा, पाय पसरून बसा. आमच्या अर्जाची पावती द्या.

गांधींना १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला गाडीतून उतरवलं. त्यांच्याकडं फर्स्ट क्लासचं खरं तिकीट होतं. भांडण गादीचं नव्हतं. तिकीट खरं असून माणूस खोटा ठरवला, भांडण त्याचं होतं. आमच्याकडंही तिकीट आहे. आधार आहे, मतदान कार्ड आहे, रेशन कार्ड आहे, काहींकडं तर दोन-दोन राज्यांचं आहे. तरी प्रत्येक खिडकीवर आम्ही खरे आहोत हे आम्हालाच सिद्ध करावं लागतं.

आणि पहाडाच्या माणसात काही कमी आहे असं कुणी म्हणत असेल, तर त्याला २०१८ ची आठवण द्या. आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्यमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा पोरं-पोरी निवडली. त्यात आपल्या जिवतीच्या आश्रमशाळेचंही नाव होतं. त्यांना नीट प्रशिक्षण दिलं, नीट खायला दिलं, नीट कपडे-बूट दिले. मे महिन्यात त्यातली पाच जण एव्हरेस्टवर उभी राहिली. ८,८४८ मीटर. माझं विमान उडतं त्याच्या जरासंच खाली, आणि ती तिथं पायी गेली. दहा जणांना फर्स्ट क्लास दिला तर हे झालं. बाकीच्या हजारोंना का नाही, एवढंच विचारतोय.

सरकारला जमत नाही असंही नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं. कुणाला दाखला मागितला नाही, कुणाला साहेबाची सही आणायला लावली नाही. बाई आहे, अर्धं तिकीट, बस. माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं चंद्रपूरची फेरी केली. पण गाडीच घाट चढली नाही तर अर्धं तिकीट कशाचं?

तर माझ्या मागण्या तीनच, आणि तिन्हींना नवा पैसा फारसा लागत नाही.

एक. तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयात लोकसेवा हक्काचा फलक दर्शनी लागला पाहिजे, मराठीत आणि मोठ्या अक्षरात, आणि गुड्यावरच्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस पाहिजे. पावतीशिवाय एकही अर्ज घेऊ नये.

दोन. घाटातली गाडी रद्द झाली तर स्टँडवर तसं लिहावं आणि सांगावं. विमानाला उशीर झाला की फोनवर निरोप येतो. आपल्याला खडूनं फळ्यावर लिहिलेलंही चालेल.

तीन. पट्ट्याचा प्रश्न गावनिहाय, तारखेनिशी सुटला पाहिजे, आणि त्यात कोलाम-गोंडांचे दावे आधी. आम्हा मागून आलेल्यांचे त्यानंतर. हे वाचून माझ्याच लोकांना राग येईल हे माहीत आहे. पण पुढची सीट मागताना मागच्याला विसरलो तर आपल्यात आणि पडदा लावणाऱ्यात फरक काय?

येत्या सोमवारपासून माझ्या सेंटरवर लोकसेवा हक्काच्या अपिलाचा नमुना फुकट मिळेल. लिहिता येत नसेल तर मी लिहून देईन. त्याचे पन्नासही घेणार नाही आणि शंभरही नाही. त्या कोलाम बाबाचं पहिलं अपील आम्ही दोघांनी बसून लिहिलं. या वेळी तो खुर्चीवर बसला होता आणि गुरुजी चिठ्ठी घेऊन थांबले होते.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर चौकात या, चहा माझ्याकडून. फक्त घाटातली गाडी मिळाली तर.

जय सेवा.